कवच, उतारा आणि तिसरी ओळ

माझ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'जीवशास्त्र' लिहिलेलं आहे. पण मित्रांनो, माझ्या पोटात जीवशास्त्र आहे ते फक्त साडेचार पानं. त्यापुढे एक नदी आहे, सतरा गावं आहेत, एक पडका घाट आहे आणि एक्केचाळीस मंत्र आहेत. मी दोनशे पानांची वही. आता जुनी झाले आहे, माझे कोपरे वळले आहेत आणि मधल्या काही पानांना हळदीचे डाग आहेत.

कारखान्यात माझी पानं कापली गेली, त्यांवर निळ्या रेघा ओढल्या गेल्या आणि मला घट्ट शिवलं गेलं. मग इतर वह्यांच्या गठ्ठ्यातून मी लातूरला आले. गंजगोलाईतल्या एका दुकानातून विशाखाने मला उचललं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेश परीक्षेचा तिचा तो दुसरा प्रयत्न होता. पेशींच्या विभाजनाची आकृती अर्धी काढून झाली असताना एके दिवशी तिने पेन खाली ठेवलं आणि आईला सांगितलं, "आई, आता बास. मी बी.एस्सी. करते." ती अर्धी आकृती आजही तशीच आहे. पुढची दोन वर्षं मी टेबलाच्या खणात होते.

मग एका दिवाळीत तिचा मावसभाऊ पुण्याहून आला आणि येताना एक खेळ घेऊन आला. हा खेळ पटावर सोंगट्या हलवायचा नव्हता, बोलून खेळायचा होता. प्रत्येक खेळाडूने एक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी राखणदार. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. गोष्ट सांगणाऱ्याला ते गेम मास्टर म्हणत. विशाखा स्वतःला सूत्रधार म्हणवून घेऊ लागली. इंग्रजी पुस्तकातले ड्रॅगन आणि किल्ले तिला परके वाटले. कॉलेजच्या सहलीत इस्लापूरजवळ तिने सहस्रकुंडाचा धबधबा पाहिला होता, कानठळ्या बसवणारा. तशीच एक नदी तिने माझ्या सहाव्या पानावर काढली आणि तिच्या काठाने गावं वसवली. त्या दिवसापासून मी कामाला लागले.

औसा रोडवरच्या तिच्या घरी रविवारी दुपारी खेळ रंगायचा. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सतरंजी पसरायची, मध्ये मी, माझ्या बाजूला फासे. विशाखाची आई सरजाबाई सुशीलाच्या, म्हणजे फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांच्या, ताटल्या आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी खा, मग लढा." हळदीचे डाग तेव्हाचे.

खेळाडू दोघं. एक ऋतुजा, रेणापूरच्या शेतकऱ्याची मुलगी, होस्टेलवर राहून नीट परीक्षेची तयारी करणारी. ज्या अभ्यासिकेत ती दिवसभर बसायची, तिथेच विशाखा मुलांच्या जीवशास्त्रातल्या शंका सोडवायची. दुसरा सोमेश. अभ्यासिकेच्या खाली त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. ऋतुजाचं पात्र राखणदाराचं होतं, सोमेशचं वैद्याचं.

मित्रांनो, विशाखा हे काम अगदी जीव ओतून करायची. मंत्र लिहिणं सोपं असतं, दोन मंत्र एका जागी नांदवणं अवघड. आगीचा मंत्र आणि पावसाचा मंत्र एकाच शेतात पडले तर काय होईल? तिने चार दिवस विचार केला आणि लिहिलं, 'वाफ होईल. तीन डाव कुणालाच काही दिसणार नाही.' सगळे आवाज गिळणारा मौनाचा मंत्र पडलेला असताना दुसऱ्याने मंत्र म्हणायचा कसा? तिने लिहिलं, 'बोटांनी हवेत लिहावा, पण ताकद निम्मी.' एखादा मंत्र फार जड झाला तर खेळणाऱ्याला मजा येत नाही आणि समोरच्याला खेळावंसं वाटत नाही, असं ती म्हणायची. म्हणून प्रत्येक मंत्राखाली तिने तीन ओळी ठेवल्या होत्या. हा काय करतो. हा काय घेतो. हा कुठे थांबतो.

एकोणचाळीस मंत्रांना तिसरी ओळ होती. दोन मंत्रांना होती ती नुसती नावापुरती.

पहिला मंत्र ऋतुजाचा. एका रविवारी ती चाचणी देऊन आली ती गप्पच. क्लासच्या ग्रुपवर सगळ्यांचे मार्क पडले होते. रेणापूरहून वडिलांचे सहा फोन येऊन गेले होते, मामाचे दोन. तिने फोन पालथा ठेवला.

"ताई, मला एक मंत्र दे," ती म्हणाली. "असं कवच पाहिजे की आत कुणीच येऊ शकणार न्हाई. काहीच येणार न्हाई."

"आणि तुला उघडायचं असेल तर?"

"मला बी उघडता येऊ नये. दरवेळी मीच उघडते नं."

विशाखाने तिच्याकडे पाहिलं आणि तेविसाव्या पानावर लिहिलं, 'कवच. दिवस उगवेपर्यंत आत काहीही जाणार नाही. लावणाऱ्यालाही काढता येणार नाही.' हा काय घेतो? 'राखणदाराला जागेवरून हलता येत नाही.' हा कुठे थांबतो? तिथे तिचं पेन क्षणभर अडलं. मग तिने लिहिलं, 'कुठेच नाही.' ऋतुजाने ती ओळ वाचली आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाणी प्यायली.

दुसरा मंत्र सोमेशचा. त्याची आई एकोणीस दिवस दवाखान्यात होती आणि तिथून परत आली नाही. तिसऱ्या आठवड्यात तो खेळायला आला. कुणी त्याला काही विचारलं नाही. सरजाबाईंनी ताटलीत दोन घास जास्त वाढले, एवढंच.

"विशाखा, माझ्या वैद्याला उतारा पाहिजे," तो खाली बघत म्हणाला. "वाया जाणार न्हाई असा."

एकतिसाव्या पानावर तिने लिहिलं, 'उतारा. विष, जखम, ताप, काहीही असो, वैद्याने हात लावला की उतरलंच पाहिजे.' हा काय घेतो? 'वैद्याची दिवसभराची ताकद.' हा कुठे थांबतो? 'कुठेच नाही.'

खेळाच्या दृष्टीने दोन्ही मंत्र चुकीचे होते आणि तिला ते कळत होतं. दोन्ही वेळा तिचं अक्षर नेहमीपेक्षा लहान आलं होतं. पण समोर बसलेल्या माणसाला त्या दिवशी 'नाही' म्हणणं तिला जमलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते दोन मंत्र समोरासमोर आले.

गोष्टीत सिंधुआजी नावाची एक म्हातारी नावाडीण होती. त्या अवखळ नदीतून ती सगळ्यांना पलीकडे सोडायची, बदल्यात फक्त एक गाणं मागायची. दोघांचाही तिच्यावर भारी जीव होता. त्या दिवशी घाटावर दरोडेखोर आले, बाणांचा पाऊस पडू लागला. ऋतुजाने क्षणाचाही विचार न करता सिंधुआजीभोवती कवच लावलं. बाण कवचावर आपटून गळून पडले. ऋतुजाने टाळी वाजवली. आणि मग विशाखाने सांगितलं की एक बाण त्याआधीच आजीच्या खांद्यात घुसला होता. तो विषारी होता. आजी शुद्धीवर होती, पण दिवस उगवेपर्यंत तग धरणार नव्हती.

"उतारा," सोमेश म्हणाला. "मी हात लावतो."

"हात आत जाणारच न्हाई," ऋतुजा म्हणाली.

"माझा उतारा वाया जात न्हाई. लिहून दिलंय."

"मला बी लिहून दिलंय."

दोघांनी विशाखाकडे पाहिलं. तिने तेविसावं पान उघडलं, मग एकतिसावं. दोन्हीकडे तिचीच शाई होती.

"फासा टाकू का?" सोमेशने विचारलं.

"नको. फासा टाकला तर दोघांपैकी एकाला मी खोटं लिहून दिलं असं होईल," ती म्हणाली. "मला एक आठवडा द्या."

त्या आठवड्यात तिने मला कितीदा उघडलं याची मोजदाद नाही. कवच खरं मानलं तर उतारा खोटा. उतारा खरा मानला तर कवच खोटं. शेवटी तिने वडिलांना विचारलं. व्यंकटराव पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे सांगितलं, "दोन जीआर एकमेकांच्या आडवे आले की नंतरच्या तारखेचा खरा. आमच्या ऑफिसात असंच चालायचं."

उतारा नंतरचा होता. विशाखाला सुटल्यासारखं वाटलं. तिने पांढऱ्या शाईची बाटली आणली, तेविसाव्या पानावरचं 'कुठेच नाही' झाकलं आणि शाई वाळल्यावर वर लिहिलं, 'उताऱ्यापाशी.' पांढरी शाई थंड असते, मित्रांनो. माझ्या अंगावर आजवर बरंच काही लिहिलं गेलं, खोडलंही गेलं, पण ज्याचं पान त्याच्या माघारी असं झाकलेलं हे पहिलंच.

रविवारी ऋतुजाने नेहमीप्रमाणे आपलं पान उघडलं. तिचं बोट त्या पांढऱ्या ठिपक्यावर थांबलं.

"ताई, हे कधी केलं?"

"शुक्रवारी. अगं, खेळाचा तोल राखायला हवा ना. उतारा नंतरचा आहे, म्हणून..."

"मला न इचारता?"

"नियम बदलावाच लागतो कधीकधी, ऋतू."

ऋतुजाचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "त्या दिवशी जो तो दार ढकलून आत येत होता. तू एकटी म्हणाली होतीस, आत कुणी येणार न्हाई. आता तू बी आलीस."

तिने बॅग उचलली, चपला घातल्या आणि गेली. सुशीलाची ताटली तशीच राहिली. विशाखा दार लोटून परत आली. मग सोमेशला म्हणाली, "तुझा उतारा लागू झाला. सिंधुआजी वाचली, असं लिहू?"

सोमेशने मान हलवली. "आज राहू दे."

सिंधुआजी तशीच अर्ध्यात पडून राहिली, आणि मीही. विशाखाने ऋतुजाला फोन केले, तिने घेतले नाहीत. अभ्यासिकेत ती दुसऱ्या कोपऱ्यात बसू लागली, असं विशाखाने सरजाबाईंना सांगितलेलं मी ऐकलं. मला कपाटावर ठेवलं गेलं. पुढे माझ्यावर जुन्या प्रश्नपत्रिका पडल्या, त्यांवर वर्तमानपत्रं. उन्हाळ्यात पत्र्यासारखी तापलेली ती जागा. माझा डिंक सुकला, पाठीचे टाके सैल झाले. जूनमध्ये व्यंकटरावांनी रद्दी बांधली तेव्हा त्या गठ्ठ्यात मीही होते.

त्या दिवशी सोमेश विशाखाची स्कूटी दुरुस्त करून घेऊन आला होता. दारात ठेवलेल्या गठ्ठ्यातून 'जीवशास्त्र' डोकावताना त्याला दिसलं. त्याने सुतळी सोडली, मला बाहेर काढलं आणि पायरीवरच बसून वाचू लागला. आधी तेविसावं पान, मग एकतिसावं, मग त्या शेवटच्या रविवारची नोंद. एका ओळीवर तो थांबला. विशाखा चहा घेऊन बाहेर आली तरी त्याचं बोट तिथेच होतं.

"हितं लिहिलंय, आजी शुद्धीवर हाय."

"हो. विष हळू चढतं ना."

"मग आपण तिला कामून इचारलं न्हाई?"

विशाखाने चहा कठड्यावर ठेवला.

"ऋतू तिचं कवच धरून बसली, मी माझा उतारा. तू तारखा बघत बसलीस," सोमेश म्हणाला. पुढचं तो माझ्याकडे बघूनच बोलला. "माझी आई बी शुद्धीवर होती, विशाखा. शेवटचे चार दिवस ती माझ्याकडं बघून मान हलवायची. मी म्हणायचो, अजून एक इंजेक्शन, आई, अजून एक. तिला घरी यायचं होतं काय, हे मी इचारलंच न्हाई. मला वाटायचं, इचारलं तर ती हाव, ने म्हणंल."

विशाखा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. चहा निवून गेला. कुणी प्यायला नाही.

परीक्षा संपल्यावर ऋतुजा होस्टेल सोडून गावी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रेणापूरला गेले, ती स्कूटीवर, तो त्याच्या मोटारसायकलवर. मी स्कूटीच्या डिक्कीत होते. ऋतुजाच्या घरापुढे तिचे वडील शेषेराव ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे ओळीने मांडत होते. पेरणीआधी बियाणं उगवतं का, ते पाहायला. त्यांनी मान वर केली.

"आत हाय," ते म्हणाले. "निकालापासून असंच. जेवती, झोपती, पण बोलत न्हाई. आम्ही समजावून थकलाव. दार उघडंच हाय, जा तुम्ही."

विशाखा मला छातीशी धरून उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. दार खरंच उघडं होतं. आत कॉटवर ऋतुजा भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसत होती. दोन पावलं टाकली असती तर पोचली असती.

"ऋतू," तिने बाहेरूनच हाक मारली. "मी विशाखाताई. सोमेशही आलाय. आत येऊ का?"

उत्तर आलं नाही.

"बरं. आम्ही ओट्यावर बसतो. तुला वाटलं तर हाक मार. नाही वाटलं तरी चालेल, आम्ही जाऊ."

ती ओट्यावर येऊन बसली. शेषेराव दाणे मांडायचे थांबले आणि तिच्याकडे बघतच राहिले. ऊन ओट्यावरून सरकत पायरीवर गेलं. सोमेश दोनदा उठला, दोनदा बसला. विशाखाचे हात माझ्या पुठ्ठ्यावर होते. मग आतून आवाज आला, बारीक, न वापरलेला.

"ताई. पाणी घेऊन मीच येते बाहेर."

ऋतुजा आली. वाळली होती. तिने तांब्या ठेवला आणि उभीच राहिली.

"मी चुकले," विशाखा म्हणाली. "नियम बदलायला लागला असता, ते खरं आहे. पण पान तुझं होतं. तुला समोर बसवून बदलायला पाहिजे होता. मी तुझ्या मागे केलं." तिने मला उघडून ऋतुजाच्या हातात दिलं. "आता काय लिहायचं, ते तू ठरव."

ऋतुजाने नखाने ती पांढरी शाई खरवडली. माझा कागद तिथे थोडा फाटला. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

"सिंधुआजी अजून तिथंच हाय?" तिने विचारलं.

"तिथंच आहे. कवचात. शुद्धीवर."

ऋतुजाने सोमेशकडे पाहिलं. सोमेशने मान डोलावली. मग ओट्यावर पाय मुडपून बसत तिने तो खेळ पुन्हा सुरू केला, चार महिन्यांनी, फाशाशिवाय. "मी कवचापाशी वाकते. म्हणते, सिंधुआजी, तुम्हाला काय पाहिजे?"

आता उत्तर विशाखाला द्यायचं होतं, कारण आजीच्या वतीने बोलायचं काम सूत्रधाराचं होतं. तिने ते आधी ठरवून आणलं नव्हतं, हे मला तिच्या बोटांवरून कळत होतं. शेषेराव जवळ येऊन उभे राहिले.

"पोरी," ती शेवटी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण थकलेला. "बाण थांबवलेस, लई उपकार झाले. पण हितं आत मी एकटी हाय. मला एकटीला गमत न्हाई. कुणीतरी या."

"कोण येऊ?"

"त्या वैद्याला पाठव. आणि त्याला म्हणावं, औषध नको आणू. लई थकले मी, लेकरा. नुसता ये. हात धरून बस."

सोमेशने आपला उजवा हात पुढे केला. तो धुतलेला होता, तरी त्याने तो शर्टाला पुसला. विशाखाने तो हातात घेतला. आजीच्या हाकेवर कवचाने वाट दिली, नदीच्या पलीकडे उजाडेपर्यंत वैद्य आजीजवळ बसला, राखणदार बाहेर जागेवरच उभी राहिली, आणि आजी गेली. विशाखाने हे एवढ्याच शब्दांत सांगितलं. सोमेश रडला. मोठ्याने, रस्त्यावर ऐकू जाईल असा. आई गेल्यापासून तो असा रडला नव्हता. कुणी त्याला थांबवलं नाही.

मग ऋतुजाने पेन मागितलं. तेविसाव्या पानावर, फाटलेल्या जागेच्या बाजूला, तिने तिसरी ओळ लिहिली. 'हा कुठे थांबतो: आतल्या माणसाने हाक मारली की.' तिने पेन सोमेशला दिलं. त्याने एकतिसावं पान काढलं, 'कुठेच नाही' वर स्वतः एक आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'हा कुठे थांबतो: नको म्हटलं की.'

त्यानंतर ते दोन मंत्र कितीदा तरी एका डावात आले, पण पुन्हा कधी भांडले नाहीत.

त्या संध्याकाळी शेषेरावांनी लेकीला काय विचारलं आणि तिने काय सांगितलं, ते मला माहीत नाही. मी तेव्हा स्कूटीच्या डिक्कीत होते. एवढं ठाऊक आहे की ऋतुजाने पुन्हा क्लास लावला नाही. ती नांदेडला शिकायला गेली आणि जाताना विशाखाने मला तिच्या बॅगेत ठेवलं. "आता सूत्रधार तू," विशाखा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हात मागे आले नाहीत.

नांदेडच्या खोलीत आता चार नवी मुलं खेळतात. माझी सव्वीस पानं कोरी उरली आहेत. खेळणाऱ्यांना मी थोडं सांगू पाहते, पण वहीचं ऐकतं कोण? म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. थुंकी लावून पान उलटू नका. मला उशाला घेऊन झोपू नका. कुणी तुमच्यासाठी मायेने काही लिहून दिलं असेल तर ते जपा, आणि तुम्ही कुणासाठी लिहून दिलं असेल तर त्याहून जपा. ते बदलावं लागलं, तर जरूर बदला. माणसं वाढतात, नियमांनाही वाढावं लागतं. फक्त ज्याचं पान आहे त्याला आधी शेजारी बसवा. पेन मग उघडा.

परवा ऋतुजाने दाभण आणि मेणाचा दोरा आणला. माझी पाठ उसवली होती, अर्धी नदी हातात येत होती. तिने मला मांडीवर पालथं घेतलं, टाके घालायला सुरुवात केली आणि प्रत्येक टाक्याला थांबून पान ताणलं जात नाही ना, ते पाहिलं. आता मी घट्ट आहे. या, बसा. सावकाश उघडा मला, कोपऱ्याला धरून.